विल्यम जेम्स

विल्यम जेम्स (जन्म : न्यू यॉर्क, ११ जानेवारी १८४२, मृत्यू : चॉकोरुआ, न्यू हॅम्पशायर, २६ ऑगस्ट १९१०) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक होते. अमेरिकेत मानसशास्त्राला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे करणाऱ्यांत त्यांची गणना होते. फलप्रामाण्यवाद या तत्त्वज्ञानाचे ते एक प्रमुख प्रवर्तक होत. भावना आधी मनात उपजते आणि नंतर शरीरावर उमटते, ही सर्वमान्य समजूत त्यांनी उलटी केली. शरीरात घडणाऱ्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मतावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली व पुढे त्याचा काही भाग चुकीचाही ठरला. तरीही भावना आणि मेंदू यांच्या अभ्यासात हा प्रश्न आजही जिवंत आहे.

कुटुंब आणि बालपण

जेम्स यांचे आजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले आणि व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. वडील हेन्री जेम्स (थोरले) हे धर्मचिंतक होते. लहानपणी आगीत भाजल्यामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला होता. १८४४ साली इंग्लंडमध्ये राहत असताना एके दिवशी कोणतेही बाह्य कारण नसताना त्यांना अकस्मात प्रचंड भीतीने ग्रासले. त्यातून सावरण्यास त्यांना दीर्घकाळ लागला आणि पुढे स्वीडनबॉर्ग यांच्या धर्मविचारात त्यांना आधार सापडला. विल्यम त्या वेळी दोन वर्षांचे होते.

पाच भावंडांत विल्यम सर्वांत थोरले. धाकटे बंधू हेन्री जेम्स पुढे ख्यातनाम कादंबरीकार झाले. बहीण अ‍ॅलिस यांनी आयुष्याचा मोठा भाग आजारपणात काढला. त्यांची रोजनिशी मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. गार्थ विल्किन्सन व रॉबर्टसन हे दोघे धाकटे बंधू अमेरिकन यादवी युद्धात लढले. वडिलांनी मुलांना एका शाळेत फार काळ टिकू दिले नाही. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि जर्मनी असा या कुटुंबाचा प्रवास चालू असे. त्यामुळे विल्यम यांना फ्रेंच व जर्मन भाषा चांगल्या अवगत झाल्या. मात्र आपण नेमके काय व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना दीर्घकाळ सापडले नाही.

शिक्षण

तरुणपणी त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. न्यूपोर्ट येथे विल्यम मॉरिस हंट यांच्याकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले; परंतु ते शिक्षण त्यांनी अल्पावधीतच सोडले. १८६१ साली त्यांनी हार्वर्डच्या लॉरेन्स विज्ञान विद्यालयात प्रवेश घेतला. आरंभी रसायनशास्त्र व नंतर शरीररचनेचा अभ्यास करून १८६४ मध्ये ते वैद्यकीय शाखेकडे वळले. १८६५ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेसोबत ते ब्राझीलला गेले. तेथे त्यांना देवीच्या आजाराने गाठले व काही काळ डोळ्यांचा त्रास सोसावा लागला. नमुने गोळा करण्याचे काम आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही, हेही त्यांच्या तेथेच लक्षात आले.

१८६७-६८ या काळात ते जर्मनीत होते. पाठदुखी, निद्रानाश व औदासीन्य यांनी त्यांना त्या काळात घेरले होते. बर्लिनमध्ये शरीरक्रियाशास्त्रावरील व्याख्याने ऐकताना, मनाचा अभ्यास मज्जासंस्थेच्या द्वारे शास्त्रशुद्ध रीतीने करता येईल, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. १८६९ साली त्यांनी हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांनी वैद्यकी मात्र कधीच केली नाही.

मानसिक संकट

पदवीनंतरची वर्षे जेम्स यांच्या आयुष्यातील सर्वांत अंधारी वर्षे होत. मार्च १८७० मध्ये त्यांची जवळची आतेबहीण मिनी टेंपल क्षयाने मृत्यू पावली. मनुष्याचे सारे विचार आणि कृती जर मज्जासंस्थेच्या यांत्रिक हालचालींनी ठरत असतील, तर प्रयत्नाला अर्थ काय, हा त्या काळच्या विज्ञानातून उद्भवलेला प्रश्न त्यांना केवळ तात्त्विक वाटत नव्हता. आत्महत्येचे विचारही त्यांच्या मनात येत.

याच सुमारास एका संध्याकाळी, पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेल्या एका रुग्णाची निश्चल आकृती त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि आपलीही अशीच गत होऊ शकते या जाणिवेने ते भीतीने थिजून गेले. ही भीती नंतर अनेक महिने टिकली. पुढे धर्मानुभवांवरील ग्रंथात त्यांनी हा प्रसंग एका फ्रेंच पत्रलेखकाचा म्हणून दिला. तो स्वतःचाच असल्याचे त्यांनी नंतर त्या ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतरकाराला कळवले.

३० एप्रिल १८७० च्या रोजनिशीतील नोंदीवरून या संकटातून बाहेर पडण्याची वाट दिसते. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए यांचे लेखन वाचून, इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणे हीच आपल्या स्वतंत्र इच्छेची पहिली कृती असेल, असा निश्चय त्यांनी त्या दिवशी केला. मनाला पटेपर्यंत थांबण्याऐवजी आधी कृती करावयाची आणि मन मागाहून येईल अशी अपेक्षा ठेवावयाची, ही वृत्ती पुढे त्यांच्या सवयीविषयीच्या, भावनेविषयीच्या आणि श्रद्धेविषयीच्या विचारांत सर्वत्र आढळते. औदासीन्य मात्र एका दिवसात गेले नाही. त्याचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले.

हार्वर्डमधील अध्यापन

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे जेम्स यांचे रसायनशास्त्राचे जुने शिक्षक होते. त्यांनी १८७२ साली जेम्स यांची शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यासाठी नेमणूक केली. नियमित कामामुळे जेम्स यांची प्रकृती सुधारू लागली. १८७५ मध्ये त्यांनी मानसशास्त्राचा वर्ग सुरू केला व प्रात्यक्षिकांसाठी एक छोटी प्रयोगशाळाही उभारली. १८७८ साली अ‍ॅलिस हाऊ गिबन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी हर्मन हा मुलगा १८८५ मध्ये, वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, डांग्या खोकल्याने दगावला.

हार्वर्डमध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र व तत्त्वज्ञान हे तिन्ही विषय शिकवले. जी. स्टॅन्ली हॉल, एडवर्ड थॉर्नडाइक, डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस व गर्ट्रूड स्टाइन हे त्यांचे विद्यार्थी होत. थॉर्नडाइक यांना प्रयोगासाठी जागा मिळेना, तेव्हा त्यांची कोंबडीची पिल्ले जेम्स यांच्या घराच्या तळघरात ठेवण्यात आली. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांना जेम्स यांनी आपल्या वर्गात घेतले आणि पीएच. डी. पदवी मिळावी यासाठी पाठिंबा दिला. परंतु त्या स्त्री असल्यामुळे विद्यापीठाने ती नाकारली. याच कॅल्किन्स १९०५ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

भावनेचा सिद्धान्त

१८८४ साली माइंड या ब्रिटिश नियतकालिकात जेम्स यांचा भावना म्हणजे काय, हा प्रश्नच शीर्षक म्हणून घेतलेला लेख प्रसिद्ध झाला. सामान्य समजुतीप्रमाणे मनुष्याला संकट दिसते, मग भीती वाटते आणि भीतीमुळे तो थरथरतो किंवा पळतो. जेम्स यांच्या मते हा क्रम चुकीचा आहे. संकट दिसताच शरीर आपोआप प्रतिसाद देते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास बदलतो, स्नायू ताणले जातात, पोटात कालवाकालव होते. या बदलांच्या संवेदना मेंदूकडे परत पोचतात आणि त्यांचा जो अनुभव येतो तीच भीती होय.

यासाठी त्यांनी एक साधा विचारप्रयोग मांडला. तीव्र राग किंवा दुःख मनात आणून त्यातून शरीराच्या सर्व खुणा एकेक करून वजा कराव्यात. छातीतील धडधड, आवळलेले दात, तापलेला चेहरा, दाटलेला गळा आणि डोळ्यांतील पाणी काढून टाकल्यावर भावना म्हणता येईल असे काहीच शिल्लक राहत नाही; उरतो तो केवळ एक कोरडा बौद्धिक निर्णय. आपले विधान भीती, क्रोध, शोक यांसारख्या ठळक शारीरिक लक्षणे असणाऱ्या भावनांपुरते आहे, असे त्यांनी स्पष्ट केले होते.

मेंदूच्या रचनेविषयीही या लेखात महत्त्वाचे विधान होते. भावनांसाठी मेंदूत वेगळे केंद्र असण्याची आवश्यकता नाही. संवेदना ग्रहण करणारी आणि हालचाल घडवणारी जी क्षेत्रे तेव्हा ज्ञात होती, त्यांच्याच कार्यातून भावनेचा उलगडा होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ साली डेन्मार्कमधील वैद्य कार्ल लांगे यांनी स्वतंत्रपणे याच स्वरूपाचे मत मांडले. त्यांचा भर रक्तवाहिन्यांतील बदलांवर होता. म्हणून ही उपपत्ती जेम्स-लांगे सिद्धान्त या नावाने ओळखली जाते.

मानसशास्त्राची तत्त्वे

१८७८ साली प्रकाशक हेन्री होल्ट यांच्याशी जेम्स यांनी मानसशास्त्रावरील पुस्तकाचा करार केला. दोन वर्षांत संपेल असे वाटणाऱ्या या कामास बारा वर्षे लागली. द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी हा सुमारे १,४०० पानांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. १८९२ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली. विद्यार्थी मोठ्या ग्रंथाला जेम्स आणि छोट्याला जिमी म्हणत.

जाणीव ही सुट्या तुकड्यांची साखळी नसून अखंड वाहणारा प्रवाह आहे, हा विचार या ग्रंथात विस्ताराने आला आहे. सवयीवरील प्रकरणही विशेष गाजले. पुनःपुन्हा केलेल्या कृतीमुळे मज्जासंस्थेत वाट पडते आणि तीच कृती पुढे सुलभ होते, हे सांगून तरुण वयात चांगल्या सवयी लावून घेण्याचे महत्त्व त्यांनी प्रतिपादले. भावनेवरील प्रकरणात १८८४ चा सिद्धान्त नव्या पुराव्यांसह पुन्हा मांडला आहे. रंगभूमीवर रागाचा किंवा शोकाचा अभिनय करताना नटांना ती भावना खरोखर जाणवते का, याविषयी विल्यम आर्चर यांनी घेतलेल्या जबान्याही त्यांनी विचारात घेतल्या. काही नटांना भावना जाणवत होती, तर काहींना मुळीच नाही. सिद्धान्ताला पूर्णपणे अनुकूल नसलेला हा पुरावा त्यांनी वाचकांपासून लपवला नाही.

टीका आणि उत्तर

या सिद्धान्तावर लवकरच आक्षेप घेतले गेले. एकाच गोष्टीने सर्वांच्या शरीरात सारखाच प्रतिसाद का उमटत नाही, हा त्यांपैकी एक. पिंजऱ्यातील अस्वल पाहून कोणी पळत नाही. १८९४ च्या लेखात जेम्स यांनी याचे उत्तर दिले. शरीर एकट्या वस्तूला नव्हे, तर संपूर्ण परिस्थितीला प्रतिसाद देते. मोकळे अस्वल आणि बंदिस्त अस्वल या दोन भिन्न परिस्थिती आहेत. या स्पष्टीकरणाने आक्षेपाला उत्तर मिळाले. पण परिस्थितीचे मूल्यमापन शरीराच्या आधी कोण करते, हा नवा प्रश्नही उभा राहिला. पुढील संशोधनाचा बराचसा भाग याच प्रश्नाभोवती फिरला.

१९०० साली इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूचे व काही मज्जातंतूंचे छेदन करून आतील इंद्रियांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांचा मार्ग बंद केला. तरीही कुत्र्यांच्या चेहऱ्यावर व आवाजात राग आणि आनंद दिसत होते. हा प्रयोग सिद्धान्ताच्या विरोधात मांडण्यात आला. मात्र रागाचे बाह्य लक्षण दिसणे आणि राग अनुभवणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे त्याने वादाचा शेवट झाला नाही.

शिक्षकांसाठी व्याख्याने आणि धर्मानुभव

१८९२ पासून जेम्स यांनी शाळाशिक्षकांसाठी मानसशास्त्रावर व्याख्याने दिली. ती १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मानसशास्त्र हे शास्त्र आहे आणि अध्यापन ही कला आहे. शास्त्रातून कला थेट निर्माण होत नाही, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. भावनेच्या सिद्धान्ताचा व्यावहारिक उपयोगही त्यांनी येथे दाखवला. मनोवृत्ती थेट इच्छेने बदलता येत नाही. परंतु बसणे, बोलणे, चेहरा आणि हालचाली यांवर मनुष्याचा ताबा चालतो. म्हणून खिन्नतेच्या वेळी प्रसन्न माणसासारखे वागण्यास सुरुवात करावी, असा त्यांचा सल्ला होता.

१९०१-०२ मध्ये एडिंबरा येथे त्यांनी गिफर्ड व्याख्यानमालेत वीस व्याख्याने दिली. द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरिअन्स हा ग्रंथ त्यांतून तयार झाला. धर्मसंस्था व मतप्रणाली बाजूला ठेवून व्यक्तीच्या धार्मिक अनुभवाचा, त्यातील भीती, निराशा व आनंद यांचा अभ्यास त्यांनी यात केला. वेदान्तासंबंधी लिहिताना त्यांनी स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानांचा आधार घेतला आहे.

भूकंपाचा अनुभव

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा विनाशकारी भूकंप झाला, तेव्हा जेम्स जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापनासाठी राहत होते. पहाटे खोली हादरू लागली असता आपल्याला भीतीऐवजी आश्चर्य आणि एक प्रकारचा हर्ष वाटला, असे त्यांनी नंतर एका लेखात नोंदवले. त्याच दिवशी ते रेल्वेने उद्ध्वस्त शहरात गेले. लोकांनी किती त्वरेने व्यवस्था लावली आणि संकटग्रस्तांच्या वागण्यात किती शांतपणा होता, याचे त्यांनी निरीक्षण केले. आपत्ती दुरून ऐकणाऱ्यांना जेवढी हृदयद्रावक वाटते, तेवढी ती प्रत्यक्ष कामात गुंतलेल्यांना वाटत नाही, हा त्यांचा निष्कर्ष भावना आणि कृती यांच्या नात्याविषयीच्या त्यांच्या जुन्या विचाराशी सुसंगत होता.

अखेरची वर्षे

१८९८ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतांत चढताना त्यांच्या हृदयावर ताण आला व तेव्हापासून हृदयविकार वाढत गेला. १९०७ साली त्यांनी हार्वर्डमधील पदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी प्रॅग्मॅटिझम हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सार्वजनिक प्रश्नांवरही ते निर्भीडपणे बोलत. फिलिपाइन्सवर अमेरिकेने सत्ता लादण्यास त्यांनी विरोध केला. मृतात्म्यांशी संपर्क साधण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला, त्याबद्दल सहकारी शास्त्रज्ञांनी त्यांना दोष दिला.

सप्टेंबर १९०९ मध्ये क्लार्क विद्यापीठात त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. दोघे फिरावयास निघाले असता जेम्स यांच्या छातीत कळ आली. त्यांनी हातातील पिशवी फ्रॉइड यांच्याकडे देऊन त्यांना पुढे जाण्यास सांगितले आणि कळ ओसरल्यावर मागून येऊन गाठले. त्या धीराची आठवण फ्रॉइड यांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदवली आहे. उपचारांसाठी १९१० मध्ये केलेल्या युरोपच्या प्रवासाचा उपयोग झाला नाही. परत आल्यावर चॉकोरुआ येथील घरी त्यांचे निधन झाले. बंधू हेन्री त्या वेळी तेथे उपस्थित होते.

सिद्धान्ताची पुढील वाटचाल

सर्वांत प्रभावी टीका जेम्स यांच्याच एका विद्यार्थ्याने केली. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली पाच आक्षेप मांडले. त्यांतील प्रमुख असे : आतील इंद्रिये मेंदूपासून तोडली तरी भावनिक वर्तन टिकते; भीती, क्रोध आणि ताप यांत शरीरातील बदल बरेचसे सारखे असतात; हे बदल इतके मंद असतात की भावना त्याआधीच जाणवते; आणि अ‍ॅड्रेनलिन टोचून ते बदल घडवले, तरी खरी भावना उत्पन्न होत नाही. कॅनन व फिलिप बार्ड यांनी मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस व हायपोथॅलॅमस यांना महत्त्व दिले. भावनांना मेंदूत विशेष व्यवस्था लागत नाही, हे जेम्स यांचे मत त्यामुळे मागे पडले. भीतीच्या बाबतीत अमिग्डाला या भागाचे कार्य पुढे उजेडात आले.

दुसरीकडे शरीराचे महत्त्व पूर्णपणे नाकारताही आले नाही. निर्णायक कसोटी म्हणून, शरीराची संवेदना गमावलेल्या रुग्णाला भावना जाणवतात का, हे पाहावे, असे जेम्स यांनीच सुचवले होते. १९६६ साली जॉर्ज होमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या २५ पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. इजा जितकी वरच्या भागात, तितकी राग व भीतीची तीव्रता कमी, असे त्यांना आढळले. नंतरच्या अभ्यासांत मात्र हा निष्कर्ष तितका स्पष्ट राहिला नाही. १९६२ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर व जेरोम सिंगर यांनी शारीरिक उद्दीपन आणि परिस्थितीचा लावलेला अर्थ यांच्या संयोगातून भावना घडते, असा मध्यममार्ग मांडला. अँटोनिओ डमासिओ यांनी १९९४ पासून शरीरस्थितीची मेंदूतील नोंद हा भावनेचा व निर्णयाचा पाया मानला. मेंदूच्या प्रतिमांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांत, स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखताना इन्सुला हा भाग सक्रिय होत असल्याचे दिसून आले.

प्रसन्न चेहऱ्याने प्रसन्नता येते, या सल्ल्याचीही परीक्षा झाली. दातांत पेन धरून हसरा चेहरा केल्यास व्यंगचित्रे अधिक मजेदार वाटतात, असा १९८८ चा निष्कर्ष २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी मिळून तपासला असता सिद्ध झाला नाही. २०२२ च्या बहुराष्ट्रीय अभ्यासात हसरा चेहरा जाणीवपूर्वक केल्यास आनंदात अल्पशी वाढ होते, असे दिसले; पेनच्या पद्धतीविषयी मात्र पुरावा अनिर्णीत राहिला. शरीर भावनेला हातभार लावते, पण एकटे तिला घडवत नाही, असे आजच्या पुराव्यांवरून म्हणता येते.

प्रभाव

फलप्रामाण्यवादाची परंपरा जॉन ड्यूई यांनी पुढे चालवली. कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांच्याकडे शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर त्या परंपरेचा परिणाम झाला. जेम्स यांच्या जाणीवप्रवाहाच्या कल्पनेवरून कादंबरीच्या एका तंत्राला नाव मिळाले. मराठीत ते संज्ञाप्रवाह या नावाने ओळखले जाते व बा. सी. मर्ढेकरांची रात्रीचा दिवस ही कादंबरी त्या तंत्राचे उदाहरण मानली जाते. हार्वर्ड विद्यापीठातील एका इमारतीला विल्यम जेम्स हॉल असे नाव देण्यात आले असून तेथे मानसशास्त्र विभाग आहे.